चवथीच्या दुपारी मुठीत आलेला बांगडा

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, अजूनही नाही. आमच्या कोरगावात कुणी असलं काही सांगायला लागलं की मीच म्हणायची, "रिकाम्या डोक्याच्या गजाली!" आता माझीच गजाल सांगतेय... हसा हवं तर.

गेल्या चवथीची गोष्ट. धाकट्या जावेचा मुलगा बोटीवर नोकरीला. सुटीवर येताना थ्रीडी प्रोजेक्टर घेऊन आला. पलीकडच्या खोलीत गणपती, त्याच्यावर फळाफुलांची माटोळी टांगलेली. आणि इकडे वसरीत दारं-खिडक्या लावून, भिंतीवर पांढरी चादर ताणून आम्ही सगळे काळे चष्मे घालून बसलेलो — भर दुपारी! सिनेमा समुद्राच्या पोटातला. मासे असे अंगावर यायचे की जाऊ किंचाळून माझ्या मांडीवरच पडली.

मग एक बांगडा आला. अगदी माझ्या नाकासमोर थांबला. श्रावण लागल्यापासून घरात मासळी नाही... खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. देव पलीकडे बसलेला आणि मी मनात म्हणतेय, काय ताजा आहे! हात आपोआप पुढे गेला, मूठ मिटली — आणि मुठीत काहीतरी गार, ओलं, वळवळलं. दचकून मूठ उघडली. काहीच नाही. सगळे हसले, मीही हसले.

संध्याकाळी नैवेद्याला हळदीच्या पानांत उकडायच्या गोड पातोळ्या करायच्या होत्या. सासूबाई गेल्यापासून चवथीचा नैवेद्य माझ्याच हातचा. घरात माझा मान म्हणाल तर तेवढाच. हात धुऊन नारळ खवायला बसले, तर जाऊ जवळ येऊन थबकली.

"वैनी, तुझ्या हाताक बांगड्याचो वास येता गो!"

"खुळी काय तू?" म्हणत हात हुंगला. येत होता! साबण लावला, चिंच चोळली... तसाच. दीर बाहेरून ओरडले, "वैनी, भाजतस तर आमकांय दोन ठेव!" तेवढ्यात घरचं मांजर आलं आणि सगळ्यांदेखत माझा तळवा चाटायला लागलं. मग कुणी हसलं नाही.

जाऊ हळूच म्हणाली, "आज पातोळ्यो मी करतंय. तू बस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. आरतीला टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत मी. हात पदराखाली घेऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी वास गेला. पुतण्या म्हणतो, "काकी, मनाचे खेळ ते." असतील बाबा. पण मन माझं, मग वास जावेला कसा आला? आणि मांजराला कुणी सांगितलं? विचार करकरून थकले, मला काही उमगलेलं नाही.

यंदा चवथीला पीठ कालवायच्या आधी मीच जावेपुढे हात धरला. तिने हुंगला. पुन्हा एकदा हुंगला. मग म्हणाली, "हळदीची पानां पूस आता, वैनी."

बसले पुसत. मांजर मात्र दारात बसून माझ्या हाताकडेच बघत होतं.