देवीनं न दिलेला कौल

शिलाई मशीनला तेल घातलं, की आमचे हे आठवतात. वेंगुर्ल्याला फौजदार होते. गोव्याच्या हद्दीवर चोरटा माल अडवायला रिव्हॉल्वर मिळणार होतं. जाड गोळीचं की बारीक, ते यांनी ठरवायचं. जाड गोळीनं माणूस जागीच संपे. बारीक गोळी लागूनही तो सुरा चालवी. आणि माल आणणारे आमच्याच गावचे.

यांनी कौल लावला. गुरवानं देवीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जाड, डावी पडली तर बारीक.

एकही पडली नाही.

"देवी आज बोलणा नाय, सायबानू," गुरव म्हणाला.

दोन्ही नमुने हाताळून आलेल्या यांच्या जोडलेल्या हातांना हत्याराच्या तेलाचा वास येत होता. तेव्हा मला वाटलं, देवी कोपली. आता वाटतं, तिलाही निवडवेना. पण तिला गप्प राहता आलं. यांना सकाळी वरच्या साहेबांना उत्तर द्यायचं होतं.