अर्जातली रिकामी ओळ

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्या घरी आली आहे. लोणच्याची कृती लिहिणार होते, ती राहू द्या.

आज फुटबॉलच्या मैदानावर आपल्या सांगलीच्या संघाचे चार गुण कापले. धोंडीराम आधी साताऱ्याच्या संघात होता. त्या संघाचे परवानगीपत्र न घेताच आपण त्याला खेळवले. गुण कापले ते योग्यच झाले. असे जिंकण्यात कसली शोभा?

पण धोंडीरामलाही वर्षभर बंदी झाली. लढाईवरून परतलेला हा वडूजचा गडी दिवसभर हळदीच्या वखारीत पोती उचलतो आणि संध्याकाळच्या खेळासाठी जगतो. संघाचे चिटणीस अप्पा मात्र खुर्चीत बसून सरबत पीत होते.

"अप्पा, बंदी तुमच्यावर यायला हवी होती," मी सर्वांदेखत म्हणाले.

"बाई, अर्ज तुमच्याच अक्षरात आहे," ते हसून म्हणाले.

खरे आहे. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून धोंडीरामच्या नोंदणीचा इंग्रजी अर्ज त्यांनी माझ्याकडून भरून घेतला. 'आधीचा संघ' ही ओळ रिकामी ठेवा म्हणाले. जन्मभर शाळेत मुलींनी गाळलेल्या ओळींवर लाल शाई मारणारी मी, का ते विचारलेही नाही.

धोंडीराम बूट हातात घेऊन जवळ आला. "बाई, म्या साताऱ्याचं नाव सांगितलं हुतं अप्पास्नी. तुमी लिवलं न्हाई व्हय?"



संघाचे गुण गेले, त्याचे वर्ष गेले. माझे काय कापावे? पुढच्या पानावर लिहा, आणि भीड ठेवू नका.