राणीचे वडील हयात आहेत

आमच्या नाटक कंपनीचं सामान नऊ बैलबंड्यांत मावायचं. पडदे, कपड्यांच्या पेट्या, बत्त्या, स्वयंपाकाची भांडी, आणि सगळ्यात मागच्या बंडीत माझा तबला नि त्याला सांभाळत मी. पण दर वेळी गाव सोडलं की एखादा किस्सा गुपचूप बंडीत चढून बसलेला असायचा. त्याला ना भाडं, ना जेवण! पुढे पडदे उंदरांनी खाल्ले, बंड्या मोडल्या, कंपनीही मोडली. किस्से तेवढे ठणठणीत आहेत. आता विचारलंच आहे तर ऐका. फक्त मध्ये बोलू नका, माझा ठेका चुकतो.

बहुतेक किस्से गुलाबचे. गुलाब म्हणजे आमची राणी.

* * *

गुलाब वऱ्हाडातल्या मालेगावचा. घरी माळव्याची शेती, वांगी-मिरच्यांची. एकदा कारंज्याच्या बाजारात तो गाणी म्हणत वांगी विकत बसला होता, ते आमच्या मालकांनी ऐकलं. मालक पुण्याकडचे. कंपनीही त्यांची आणि प्रत्येक नाटकात राजाही तेच! आमचा आधीचा स्त्रीपार्टी नट नुकताच कंपनी सोडून गेला होता. मालकांनी सगळी वांगी घेतली आणि वांगीवालाही घेतला.

अडचण एकच. मिशी! अशी भरघोस, की राणीला काय, सेनापतीलाही जास्त झाली असती.

न्हाव्याकडे नेलं. न्हाव्याने साबण लावला, वस्तरा पाजळला आणि हळहळत विचारलं, "बुढा कवा गेला?"

"गेला नाई," गुलाब म्हणाला. "मालेगावले वांगे विकून राह्यला."

न्हाव्याने वस्तरा मिटून ठेवला. "बाप जिता असताना पोराची मिशी म्या काढत नसतो. पाप लागते!"

मालकांनी त्याला कला समजावली, नाट्यसेवा समजावली. न्हावी आपला मान हलवतोय. शेवटी मालकांनी पहिल्या रांगेचे दोन पास काढले. न्हाव्याने पास कनवटीला खोचले, आभाळाकडे पाहून हात जोडले आणि चार फटक्यांत मिशी साफ! वर दम दिला, "आता आंघोळ केल्याबिगर कोनाच्या घरात जाजो नको!"

बिचारा गुलाब खरंच विहिरीवर गेला आणि आंघोळ करून आला. डोळे लाल होते. म्हणाला, साबण गेला. मला काही ते खरं वाटलं नाही.

* * *

कारंज्याचा बाजार करून मालेगावची माणसं परत गेली, ती ही बातमी घेऊनच. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचा एक सोयरा पिठल्याचा गंज, म्हणजे पातेलं, आणि भाकरी घेऊन गुलाबच्या घरी पोचला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना, म्हणून.

दार कोणी उघडावं? गुलाबच्या बापानेच! पुंजाजी त्यांचं नाव. पांढरी झुपकेदार मिशी, आवाज वावराच्या या बांधावरून त्या बांधाला जाईल असा.

"लय वाईट झालं," सोयरा सवयीने बोलून गेला आणि मग त्याने मान वर केली. "अरे बाप्पा! पुंजाजी, तुमी तं गेले ना?"

"कोन मनलं?"

"गुलाबनं मिशी काढली ना तिकडं!"

पुंजाजींनी ओसरीवर बसून सगळं पिठलं खाल्लं, गंज घासून परत दिला आणि सोयऱ्याच्याच हाती निरोप धाडला. "त्याले सांगजा, त्यानं मले मेला समजून मिशी काढली ना, मंग मी मेलोच. मेल्या बापाच्या घरी त्यानं पाय ठेवाचा नाई."

तुम्ही हसताय. आम्हीही हसलो. गुलाब मात्र दोन दिवस जेवला नाही. त्याची आई तो रांगत असतानाच गेलेली, त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते या बापानेच. तिसऱ्या दिवशी तो मालकांना एवढंच म्हणाला, "कुठीबी न्या, मालेगावले नका नेऊ."

पुढे तर प्रत्येक गावात तीच कथा. दाढीमिशी गुळगुळीत, एवढा तरणा पोरगा! लोक राहुट्यांपर्यंत सांत्वनाला येत, बायका डोळ्यांना पदर लावत. तालमी होईनात. शेवटी मालक वैतागले आणि त्यांनी हँडबिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलं, "राणीचे वडील हयात आहेत. कृपया सांत्वनास येऊ नये."

* * *

कामरगावचा किस्सा सिंहासनाचा. बंडीत सगळं मावायचं, सिंहासन मावायचं नाही. म्हणून प्रत्येक गावात कोणाची तरी मोठी खुर्ची मागून आणायची आणि तिच्यावर मखमल टाकायची, अशी आमची रीत. कामरगावात पाटलांच्या म्हाताऱ्या काकांची खुर्ची मिळाली. शिसवी, कोरीव, झकास!

पडदा वर गेला. भालदार ललकारले. मालक मुकुट घालून डौलात आले आणि बघतात तर सिंहासनावर काका! मांडी घालून, शेजारी पानाचा डबा.

"उठा हो," मालक दातओठ खात कुजबुजले.

"काहून? खुर्ची माही हाय," काका मोठ्याने म्हणाले. "मी रोज या टायमाले इथंच बसत असतो."

आता भर दरबारात राजा उभा आणि काका बसलेले. तेवढ्यात सैनिकांनी राजद्रोह्याला बांधून आणलं. सेनापतीला सिंहासनाकडे बघून बोलायची सवय. त्याने काकांनाच मुजरा केला, "महाराज, या द्रोह्याला काय शिक्षा?"

मालक तोंड उघडणार, तोच काकांनी पान थुंकून निकाल दिला, "सोडा बाप्पा त्याले. भुकेला दिसते. जेवू घाला नि बंडीनं घरी पोचवा!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! द्रोह्याने काकांचे पाय धरले आणि निघून गेला. खऱ्या नाटकात त्याला फाशी होणार, मग त्याची बायको शाप देणार, त्यावर पुढचे दोन अंक उभे! नाटक तासाभरात आटोपलं. दुसऱ्या दिवशी गावकरी मालकांना म्हणाले, "नाटक चांगलं व्हतं, पन तुमच्या राजाले बसाले जागा पायजे होती."

* * *

एका जत्रेत दुपारचा खेळ संपला तोवर कपड्यांची पेटी पुढच्या बंडीतून निघून गेलेली. मग गुलाब राणीच्या लुगड्यातच माझ्या बंडीत चढला. बंडीवाला नवा, त्याला ठाऊक नाही. त्याने आपली घोंगडी काढून घडी घालून गुलाबला बसायला दिली, मला म्हणाला, "तुमी सरका तिकडं, बाईले जागा द्या." मी सरकलो. तबलजीला सगळेच सरकवतात.

वाटभर "बाई, ऊन लागते काय?" आणि "बाई, पानी पेता काय?" मला तर कोणी पाणीही विचारलं नाही!

अडाण नदीच्या वाळूत बंडीचं चाक रुतलं. बंडीवाल्याने बैलांना हाकलून पाहिलं, मी तोंडाने जोर लावला. चाक हलेना. गुलाब वैतागला. खाली उडी मारली, लुगड्याचा काचा मारला, चाकाला खांदा लावला आणि "हां!" म्हणून बंडी उचलून पलीकडे! शेवटी शेतकऱ्याचाच पोरगा.

बंडीवाला गुलाबकडे बघत राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "हे तुमची घरवाली व्हय काय?"

मी म्हटलं, "नाही हो."

"वाचले बाप्पा," तो म्हणाला.

* * *

वऱ्हाडातलं पब्लिक मोठं रसिक. पण नाटकाला येणार बंड्या जोडून, आणि बंड्या लावणार प्रेक्षकांच्या मागेच. मंगरूळपीरकडच्या एका गावात गुलाबने पद म्हटलं आणि वन्समोअर पडला. त्याने पुन्हा म्हटलं. तर मागून एक जण ओरडला, "ओ राणी! मी बैल बांधाले गेलतो. पुन्हा मना!"

गुलाबने पुन्हा म्हटलं. तेवढ्यात दुसऱ्याचा बैल सुटला. तो बांधून आल्यावर तोही म्हणाला, "पुन्हा मना!" पाच वेळा झालं. माझी बोटं दुखायला लागली. शेवटी मालक मुकुटासकट पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, आधी सगळे बैल बांधून घ्या. राणी तोवर थांबेल!"

ते "पुन्हा मना" त्या मुलखात असं पसरलं की जिथे जावं तिथे कोणी ना कोणी बैल बांधायला गेलेलाच असायचा.

* * *

तीन वर्षं आम्ही मालेगाव टाळलं. चौथ्या वर्षी तिथल्या व्यापाऱ्यांनी स्वतः बोलावणं धाडलं, कापसाच्या जिनाचं पटांगण दिलं. मालकांनी गुलाबकडे पाहिलं. गुलाब मान खाली घालून म्हणाला, "चला." मग रात्रंदिवस त्याच्या डोक्यात एकच. बाप येईल का? आल्यावर बोलेल का? घरात घेईल का?

पास घेऊन मला पाठवलं. स्वतः जायची हिंमत नाही. पुंजाजी बाजारात तराजू धरून वांगी मोजत होते. मी म्हटलं, "पुंजाजी, गुलाबने पास दिला आहे. दुपारचा खेळ आहे, या."

त्यांनी पास उलटसुलट पाहिला. तराजूचं एक पारडं जरा हलकं होतं, त्यात टाकला. बरोब्बर काटा जुळला!

"येता ना?" मी पुन्हा विचारलं.

"मेलेला मानूस नाटक पाहाते काय?" ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

गुलाबला मी सांगितलं, "गर्दी होती, भेट झाली नाही." आयुष्यात एवढं वाईट मी कधी खोटं बोललो नव्हतो. त्याला कळलंच.

* * *

खेळ दुपारचा का, तर लढाईचे दिवस. घासलेट मिळेना, बत्त्या पेटेनात. एरवी बत्तीच्या झगमगाटात नटाला समोरचं काही दिसत नाही, फक्त खोकले ऐकू येतात. इथे भर उन्हात सगळं मालेगाव तोंडासमोर! आणि मागे बंड्यांची रांग.

नाटक आमचं हमखास चालणारं. कोणीतरी राजाचे कान भरतं, राजा राणीला राजवाड्यातून हाकलतो आणि राणी उंबऱ्यावर एक पद म्हणते. त्या पदावर आमची अख्खी कंपनी जगत होती.

मालक गरजले, "चालती हो! या घराचे दरवाजे तुला बंद!"

गुलाब वळला आणि तिथेच थिजला. बंड्यांच्या रांगेपाशी, रिकामी टोपली काखेत धरून पुंजाजी उभे होते.

मी पदाचा ठेका धरला. गुलाब गाईना. एक आवर्तन झालं, दोन झाली, पाच झाली. पेटीवाला माझ्याकडे बघतोय, मी गुलाबकडे. अरे गा ना, लेका, गा! मालकांना वाटलं हा पाठ विसरला. त्यांनी आणखी आवाज चढवला, "ऐकलं नाहीस? निघ इथून!"

नाटकातलं वाक्य होतं, "कुठे जाऊ, महाराज? मला कोण आहे?" गुलाबच्या पावडरीवरून काजळ ओघळलं आणि तोंडातून आलं ते भलतंच, "कुठी जाऊ मी? मले कोन हाय?"

पुंजाजी निघाले. टोपली लोकांच्या डोक्यांवरून वर धरत, "सरका, सरका" करत थेट स्टेजपाशी आले.

"ओ महाराज! येवढे वरडता कायले? झाली अशीन लेकराची एखांदी चूक."

मालकांचा हात वरच्या वर राहिला. "आपण... कोण?"

"मी बाप व्हय तिचा."

एक जण फिस्कन हसला. दुसरं कोणी हसलं नाही. माझे हात तबल्यावर आपोआप थांबले.

पुंजाजींनी टोपली खाली ठेवली आणि राणीकडे हात केला. "चाल व माय, उतर खाली. घरी चाल. बाप मेला नाई अजून."

आणि मागून, बंड्यांपाशी, एक जण धापा टाकत ओरडला, "ओ पुंजाजी! मी बैल बांधाले गेलतो. पुन्हा मना!"

पुंजाजी मागे वळले. पालथ्या हाताने मिशी सारखी केली, आणि साऱ्या मालेगावाला ऐकू जाईल असं ओरडले,

"बाप मेला नाई मनलं अजून!"