दुपारी एक वाजता सोडलेला रोजा

चौदा मार्च. रक्कम चार हजार रुपये. हजर: मी, माझी बायको, नववीतली मुलगी आणि फोनवर गणिताच्या बाई.

बाई अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात. अमरावतीतल्या आमच्या मुलीला त्या संध्याकाळी सहा ते सात ऑनलाइन शिकवतात, तासाला दोनशे रुपये. फेब्रुवारीच्या मध्यापासून त्यांनी क्लास एका नव्या वेबसाइटवर नेला होता. तिथे प्रत्येक तासाची वेळ आपोआप नोंदली जाते आणि पालकांनाही दिसते. माझी नोकरी हिशेब तपासण्याची. फी भरण्याआधी मी नोंदी उघडल्या. वीसच्या वीस तास दुपारी साडेबाराला सुरू झालेले. त्या वेळी मुलगी शाळेत असते.

बाई दुपारी एकट्याच क्लास चालू करून हजेरी भरतात आणि मुलगी संध्याकाळी दार लावून मैत्रिणींशी गप्पा मारते, असा अर्थ मी लावला. मी घरी पोचतो आठला. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीच नव्हतं.

"अहो, मी सैपाकघरातून ऐकतो ना तिचं गणित," बायको म्हणाली. "आता मीबी खोटी का?"

मी बाईंना फोन लावला.

"भाऊ, मी सहालेच शिकवलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या पोरीले इचारा."

"ती तुमच्याच बाजूनं बोलणार, मॅडम. वेबसाइट कशाला खोटं बोलेल?"

"मंग वेबसाइटलेच शिकवा गणित," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मुलगी उठून आत गेली. जेवायला आली नाही.

मी फी रोखली. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा पिताना मी हे सहकाऱ्याला सांगितलं. त्याचा मुलगाही याच बाईंकडे शिकत होता. त्यानं लगेच क्लास बंद केला, त्या महिन्याची फी दिली नाही आणि मुलाला राजापेठेतल्या शिकवणीत घालून तिथले वर्षाचे पैसे भरून टाकले.

वेबसाइटवाल्यांकडे तक्रार करायची म्हणून मी नोंदींची पानं छापून आणली. बाजूच्या रकान्यात क्लासमधले निरोप होते. मी फक्त वेळा पाहिल्या होत्या. मुलीनं पान माझ्या हातातून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं.

"एक वाजून एक मिनिट. मॅडम: रोजा सोडून येते, दहा मिनिटं. तोवर तिसरं गणित कर. मी: मॅडम, खजूर की भजे? मॅडम: गणित कर, भजे इचारू नको." तिनं पान खाली ठेवलं. "बाबा, दुपारी एक वाजता रोजा कोन सोडते?"

बायको हसली नाही. मी खुर्चीत बसलो. रोजा सूर्य मावळल्यावर सुटतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. शेजारच्या घरून फळांची ताटली यायची ती दिवेलागणीलाच. आपली वेळ ग्रिनिचच्या, म्हणजे लंडनजवळच्या प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे; साडेबारात तेवढे मिळवले की सहा होतात. दिवसभर बेरजा करणाऱ्या मला ही एक बेरीज सुचली नव्हती. वेबसाइटवाल्यांना विचारलं. त्यांनी कळवलं की नोंद ग्रिनिचच्या वेळेनं साठते. पाहणाऱ्याच्या गावच्या वेळेत बदलून दाखवायचं त्यांच्याकडून राहून गेलं. चूक त्यांची होती. पण घरातल्या दोघींना आणि बाईंना खोटं ठरवण्याचं काम मी एकट्यानं केलं होतं.

मुलीची माफी मागितली. ती "हं" म्हणाली आणि पुस्तकात पाहू लागली. सहकाऱ्याला सगळं सांगितलं. "आता तिकडचे पैसे परत थोडेच भेटनार?" तो म्हणाला. मग बाईंना फोन केला. वेळेची चूक आणि सहकाऱ्याला मीच भरवल्याचं सांगून माफी मागितली.

"माफी ठीक हाये भाऊ," बाई म्हणाल्या. "पन तुमच्या दोस्ताच्या पोराचे चार हजार बुडाले ते? त्यालेही शिकवलंच होतं मी."

"ते मी देतो."

"द्या मंग. आन पोरीले सांगा, उद्या सहाले बस. तिचा काय कसूर?"

माझ्या मुलीचे चार हजार, सहकाऱ्याच्या मुलाचे चार हजार, एकूण आठ हजार रुपये मी त्याच दिवशी बाईंच्या खात्यात भरले.