समजू शकणारे गृहस्थ

उजवा तळहात छातीवर, मान जराशी कलती, आणि मग ते वाक्य : “मी समजू शकतो.”

मुलांनो, तुमच्या तिकडे शाळांत अशी माणसं असतात म्हणे, घरात कुणी गेलं की मुलांशी बोलणारी. चांगली असतीलही. २००३ साली शिरोड्याला आमच्या वाट्याला एका संस्थेने पाठवलेले हे गृहस्थ आले.

मच्छीमारांची होडी बुडाली होती. तिघे गेले, त्यांतला एक सापडलाच नाही. त्याची नऊ वर्षांची मुलगी शाळा सोडून दिवसभर किनाऱ्यावर वाट बघत बसायची. जेवायलाही उठत नसे. गृहस्थांना मालवणी येईना, म्हणून मला, निवृत्त शिक्षिकेला, दुभाषी नेमलं.

पहिल्या दिवशी त्यांनी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला. मुलीने हसऱ्यावर बोट ठेवलं, कारण त्यांनी नुकताच बिस्किटांचा पुडा दिला होता. त्यांनी वहीत लिहिलं : प्रगती.

दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांतल्या मुलांनी बाबांना चिठ्ठी लिहायची, करवंटीत ठेवायची आणि समुद्रात सोडून निरोप द्यायचा, असं ठरलं. मी म्हटलं, आता भरती आहे, दुपारपर्यंत थांबा.

“बाई, भावनांना घड्याळ नसतं,” ते म्हणाले आणि स्वतःचं घड्याळ पाहिलं. साडेअकराला त्यांची जीप होती.

दहा वाजता करवंट्या सोडल्या. गृहस्थांनी फोटो काढला. पाच मिनिटांत सगळ्या परत वाळूवर. मुलीने आपली उचलली.

“बाबान माजी चिठी घेवक नाय.”

बाबांनी चिठ्ठी घेतली नाही, असं मी शब्दन् शब्द समजावून सांगितलं. त्यांचा तळहात छातीवर गेला. मग ते जीपमध्ये बसले.

मुलगी ती करवंटी मांडीवर घेऊन बसली, मी शेजारी. दुपारी तिची आजी मासळी विकून आली. मी झालेलं सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली, ओहोटीकडे पाहिलं.

“भरतेक दर्या भायर टाकता गो बाय. आता घेतलो. चल.”

भरतीला समुद्र बाहेर टाकतो, आता घेईल, असं आजीचं म्हणणं. दोघी कमरेभर पाण्यात गेल्या. सोडलेली करवंटी ठिपक्याएवढी झाली, मग दिसेनाशी. मुलगी बराच वेळ बघत राहिली.

“आजये, माका भूक लागली.”

सोमवारी ती शाळेत गेली.

गृहस्थ पुन्हा आले नाहीत. त्यांच्या संस्थेचं माहितीपत्रक मात्र आलं. मुखपृष्ठावर तोच फोटो, खाली छापलेलं : ‘निरोप’. करवंट्या अजून पाण्यावर आहेत. त्या किनाऱ्याकडेच परत येताहेत, हे इथल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं.