कुरामित्सुंची टेकडी

कुरामित्सुंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या अंगावर कमीत कमी एकोणीस बॅटऱ्या होत्या. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी त्यांचा कोट पाहिलेला नाही. डाव्या खिशात तीन मोबाईल, उजव्यात दोन, आतल्या खिशात कॅमेरा, पट्ट्याला गाणी ऐकायचं यंत्र, छातीशी दाढीचं मशीन, आणि पँटच्या मागच्या खिशात काहीतरी, ज्याच्यामुळे त्यांना बारा वर्षांत खुर्चीवर सरळ बसता आलेलं नाही असं ऑफिसात सांगत. ते जिना चढू लागले की आधी नाना तऱ्हेचे आवाज वर यायचे आणि मग कुरामित्सु यायचे.

माझा नोकरीचा पहिला दिवस होता. ओसाकात होम्माचीला, घाऊक कापडवाल्यांच्या गर्दीत, एका अरुंद इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस. मी त्यांच्या टेबलापुढे कमरेत वाकलो आणि नाव सांगायला तोंड उघडलं. त्यांनी एक बोट वर केलं.

"थांब. एक जायच्या बेतात आहे."

सगळं ऑफिस गप्प झालं. चहा ओतणाऱ्या बाईंनी किटली वरच्या वर धरली. कुरामित्सुंच्या तळहातावर एक मोबाईल होता. त्याचा पडदा एकदा फडफडला आणि विझला. त्यांनी घड्याळात पाहून वहीत लिहिलं, "दोन वाजून सत्तेचाळीस." मी अजून वाकलेलाच होतो, म्हणून हातही जोडून टाकले.

"कोण होतं?" मी हळूच विचारलं.

"डाव्या खिशातला तिसरा. कंपनी म्हणते सहा तास चालतो. चार तास अकरा मिनिटांत गेला. काय नाव तुझं?"

"इबुकी."

"इबुकी, एक लक्षात ठेव. सगळ्या कंपन्या आपल्या लेकरांचं आयुष्य फुगवून सांगतात."

आमची फर्म अंदाज विकायची. दर मे महिन्यात एक जाडजूड ग्रंथ निघे: पुढच्या पाच वर्षांत कुठल्या जातीची बॅटरी किती खपणार. तो इतका महाग असे की विकत घेणारा त्याच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय राहूच शकत नसे. त्यातलं हातात-खिशात बाळगायच्या उपकरणांचं प्रकरण कुरामित्सुंचं. जी बॅटरी आपल्या अंगावर मेली नाही तिच्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असा त्यांचा नेम होता. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ते बायकोला, फुसाएबाईंना, घेऊन आरिमाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना गेले, तर कुंडाच्या काठावर चार फोन मांडून बसले.

"मला वाटलं कारकुनाशी लग्न लागलंय," फुसाएबाई आम्हांला सांगत, "हा तर मर्तिकं करणारा भिक्षू निघाला. मर्तिकाला निदान दक्षिणा तरी मिळते."

अशा माणसाच्या आयुष्यात २००२ साली फ्युएल सेल आला.

मोरिगुचीतल्या एका बॅटरी कंपनीत सोएजिमा नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या हाताखाली सहा माणसं आणि सायकलींच्या शेडमागची एक खोली. त्या खोलीत ते मिथेनॉलवर, म्हणजे न पिता येणाऱ्या दारूवर, मोबाईल चालवायचा खटाटोप करत होते. बॅटरी संपली की तासभर भिंतीला चिकटून बसायचं नाही. खिशातून लायटरच्या गॅससारखी इवलीशी कुपी काढायची, यंत्रात रिकामी करायची आणि बोलत राहायचं. अडचणी किरकोळ होत्या. यंत्र गरम व्हायचं, थंडीत रुसायचं, त्यात प्लॅटिनम लागायचं आणि त्यातून थोडं पाणी निघायचं. पहिला नमुना सोएजिमांनी संचालकांपुढे पँटच्या खिशातून काढला, तेव्हा यंत्राइतकंच सगळ्यांचं लक्ष पँटकडेही गेलं.

कुरामित्सु आणि मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ही गोष्ट सोएजिमांनी स्वतःच सांगितली, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. उंच, वाकलेला माणूस, शर्टाच्या खिशात नेहमी चिमटा. त्यांनी यंत्र कुरामित्सुंच्या हातावर ठेवलं.

"किती तास चालतं?" कुरामित्सुंनी वही काढली.

"कुपी घालाल तितके."

"हो, पण मरतं कधी?"

"मरत नाही हो. त्याला भूक लागते."

कुरामित्सुंनी वही मिटली. वीस वर्षं बॅटऱ्यांच्या मरणवेळा लिहिणाऱ्या माणसापुढे न मरणारं काहीतरी ठेवलं होतं. परतीच्या वाटेवर एका स्टेशनावर त्यांचे दोन फोन गेले तरी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. आम्ही कंपनीत जाऊन विचारायचं, पाच वर्षांनी तुमचा किती माल खपेल? पण थेट आकडा मागणं उद्धटपणाचं, आणि थेट आकडा सांगणं त्याहून. म्हणून दोघंही चहा पीत एकमेकांकडे पाहत बसायचे.

"तुमचा काय अंदाज?" सोएजिमा म्हणाले.

"छे, आम्ही बाहेरची माणसं. तुम्हीच सांगा."

"आम्ही काय, खोलीत बसणारे. बाजार तुम्ही पाहता."

तिसऱ्या कपाला कुरामित्सु पुटपुटले, "साठ लाख म्हटलं तर फार होईल का?"

"तुम्ही म्हणता तर नसेल," सोएजिमा म्हणाले.

मे महिन्यात ग्रंथात छापून आलं: साठ लाख, कंपनीतल्या जाणकारांच्या मते. सोएजिमांच्या संचालकांनी ग्रंथ विकत घेतला, साठ लाख वाचले आणि खोलीला दोन वर्षांची मंजुरी दिली. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तर सोएजिमांनी कंपनीची अंतर्गत योजना दाखवली. तिच्यात साठाचे ऐंशी झाले होते.

"पाहिलंस इबुकी?" कुरामित्सु मला म्हणाले. "त्यांचा त्यांनाही असाच आकडा येतो, उलट जास्तच."

आलेख ते पेन्सिलीनं काढत. ती रेघ एखाद्या टेकडीसारखी होती: डावीकडे सपाट माळ आणि मग एकदम चढण. चढण नेहमी दोन वर्षांनी सुरू व्हायची. वर्ष सरलं की टेकडी एक वर्ष पुढे सरकायची. ऑफिसात तिला कुरामित्सुंची टेकडी म्हणत, आणि आमचे साहेब विचारत, "काय कुरामित्सुसान, यंदा टेकडीला सहलीला कुठे नेलंत?"

"गिर्यारोहकानं घाई करू नये, साहेब," कुरामित्सु म्हणत.

या टेकडीला एक खाच होती. चढणीच्या दुसऱ्या वर्षी रेघ जराशी खाली बसे आणि पुन्हा वर जाई. २००४च्या ग्रंथात ती पहिल्यांदा दिसली. पुढच्या वर्षी सोएजिमांच्या योजनेत ती खाच तशीच होती आणि तिच्याखाली पूर्ण परिच्छेद: कुप्या दुकानोदुकानी पोचायला वेळ लागेल, त्यामुळे दुसऱ्या वर्षी मागणी तात्पुरती घसरेल. कुरामित्सुंना तो परिच्छेद फार आवडला. त्यांनी तो जवळजवळ जसाच्या तसा आमच्या ग्रंथात घातला.

मधल्या काळात दोघांची मैत्री जमली. होम्माचीतल्या उदोनच्या, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांच्या, दुकानात ते महिन्यातून एकदा भेटत. सोएजिमांनी तिसरा नमुना कुरामित्सुंना वापरायला दिला आणि तो त्यांच्या छातीशी, दाढीच्या मशीनच्या जागी, जाऊन बसला. गरम व्हायचा तर कुरामित्सु म्हणायचे, "हिवाळ्यात बरं असतं." कंपनीनं सोएजिमांना दोनदा लिथियमच्या विभागात बढती देऊ केली. त्यांनी दोन्ही वेळा नाकारली. ग्रंथात टेकडी होती ना.

पण कुरामित्सुंच्या बाकीच्या खिशांत वेगळंच चाललं होतं. लिथियमच्या बॅटऱ्या दरवर्षी थोड्या उशिरा मरू लागल्या होत्या. चार तासांचे सहा झाले, सहाचे नऊ. गाडीत पोरी खिशातून दुसरी बॅटरी काढून फोनला जोडत आणि गप्पा पुढे चालू. कुपीची वाट कुणी पाहत नव्हतं. हे सगळं त्यांच्याच वहीत त्यांच्याच अक्षरात होतं.

२०१०च्या फेब्रुवारीत उदोनच्या दुकानात सोएजिमा म्हणाले, "यंदा संचालकांनी ठरवलंय, मेचा ग्रंथ पाहायचा. टेकडी असली तर आणखी तीन वर्षं. नाहीतर खोली बंद."

"किती जण उरलात?"

"मी धरून चार." सोएजिमांनी वाडग्यातला कांदा बाजूला केला. "मी काही मागत नाही हं, कुरामित्सुसान. नुसतं सांगितलं."

"कळलं," कुरामित्सु म्हणाले. त्या दिवशी त्यांनी उदोन अर्धा टाकला.

पंधरा दिवसांनी मी जुन्या कागदांचं कपाट आवरत होतो. २००४चा टेकडीचा मूळ कागद हाती लागला. खाचेजवळ समासात कुरामित्सुंच्याच पेन्सिलीत लिहिलं होतं: "शिंक. दुरुस्त करणे."

मार्च महिना म्हणजे देवदारांचे पराग, आणि मार्चात कुरामित्सु दिवसाला दोनशे शिंका देत. रेघ काढताना हात हलला होता आणि दुरुस्ती राहून गेली होती. मी खो खो हसत तो कागद त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. आयुष्यात मी पुष्कळ विनोद केले, पण हा करायला नको होता.

त्यांनी कागद पाहिला. मग सोएजिमांच्या योजनेचं पान काढून शेजारी ठेवलं, मग आमचा ग्रंथ. तिन्हींवर बोट फिरवलं.

"त्यांचा म्हणून जो आकडा मी घेत होतो," ते म्हणाले, "तो माझाच होता."

"कुरामित्सुसान, आकडे कधी कुणाचे..."

"माझीच शिंक मला परत आली, इबुकी, आणि मी म्हटलं, पहा, त्यांनाही सर्दी आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जड योकानचा डबा घेतला. आमच्याकडे माफी मागायला गोड नेतात, आणि अपराध जितका मोठा तितका डबा जड. हा दोन्ही हातांनी उचलावा लागत होता. मीही बरोबर गेलो, कारण कागद मी शोधला होता.

सायकलींच्या शेडमागच्या खोलीत त्यांनी डबा आणि कागद सोएजिमांपुढे ठेवले आणि कपाळ टेबलाला लागेल इतके वाकले. सोएजिमांनी समासातले तीन शब्द वाचले.

"शिंक होती होय," ते म्हणाले. "मला वाटलं, धावत्या गाडीत बसून रेघ काढली असेल."

कुरामित्सुंनी मान वर केली.

"तुम्हांला माहीत होतं?"

"खाचेला काही कारण नव्हतं हो. मी तीन रात्री विचार केला. मग कारण लिहून टाकलं. कुप्यांचा परिच्छेद माझाच."

"आणि साठ लाख?"

"ते तर तुमचेच. मी फक्त हो म्हटलं." सोएजिमांनी चिमटा खिशातून काढला आणि पुन्हा आत ठेवला. "मला वाटायचं, तुम्हांलाही माहीत आहे. माझी खोली चालावी म्हणून गप्प आहात. मनातल्या मनात आभार मानत होतो."

"मी खरं समजत होतो," कुरामित्सु म्हणाले. "मला खरंच वाटत होतं, सोएजिमासान."

कोपऱ्यात एक यंत्र चालू होतं. त्याच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमत होता.

"पान अजून छापलेलं नाही," कुरामित्सु म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

"तुमच्या वहीत काय आहे?"

कुरामित्सुंनी वही काढली, पण उघडली नाही.

"मग वहीत आहे ते छापा. सहा वर्षं शिंकेवर काढली. पुष्कळ झालं." सोएजिमांनी डबा उघडला. "खा आता. एवढं योकान मी एकटा कसं संपवणार?"

आम्ही तिघांनी ते उभ्यानं खाल्लं. फार गोड होतं.

मेच्या ग्रंथात फ्युएल सेलपुढे आकडा नव्हता, नुसती आडवी रेघ होती. आमच्या तक्त्यांत आडव्या रेघेचा अर्थ, मोजण्याइतकं नाही. ती रेघ कुरामित्सुंनी पट्टी लावून काढली. जूनमध्ये खोली बंद झाली. सोएजिमांना तोकुशिमाच्या गोदामात, कानाच्या यंत्रांच्या बॅटऱ्या पाठवायच्या कामावर धाडलं. उदोनच्या दुकानात पुन्हा कुणी कुणाला भेटलं नाही. नव्या वर्षाला दोघं एकमेकांना कार्ड धाडत, त्यावर तब्येतीची चौकशी आणि हवामान.

कुरामित्सु त्यानंतर कोटात एकच फोन ठेवू लागले. ऑफिसात ते जिन्यावरून वर आलेले कळेनासे झाले, आणि साहेब दोनदा दचकले. टेकडीची थट्टा कुणी केली नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खुर्चीवर सरळ बसून दाखवलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

सात वर्षांनी ते गेले, सकाळी, झोपेत. फुसाएबाई म्हणाल्या, "नेमके किती वाजता, ते मी पाहिलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं पाहिलं यांनी, आणि माझ्याकडून तेवढं राहिलं."

अंत्यविधीला सोएजिमा तोकुशिमाहून बसनं आले. आता आणखी वाकले होते. फुसाएबाईंनी त्यांच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी दिलं. तो तिसरा नमुना होता, आणि सोबत वही. वहीत शेकडो ओळी, प्रत्येकीपुढे मरणाची वेळ. या यंत्रापुढे वेळ नव्हती. शेवटची कुपी संपली त्या दिवशीची तारीख होती आणि पुढे एकच शब्द: "भूक."

सोएजिमांनी यंत्र शवपेटीत, कुरामित्सुंच्या छातीशी ठेवायला हात पुढे केला. विधी चालवणारी मुलगी नम्रपणे मध्ये आली.

"माफ करा, काका. चष्मा, धातूच्या वस्तू आणि बॅटऱ्या आत ठेवता येत नाहीत. भट्टीत फुटतात."

"ही बॅटरी नाही, बाळ. फ्युएल सेल आहे. यात इंधन घालतात."

"इंधन? मग तर अजिबातच नाही."

सोएजिमांना हसू आलं आणि ते ठसका लागेपर्यंत हसले. मग तोंड रुमालात घालून बराच वेळ तसेच उभे राहिले. यंत्र त्यांनी परत नेलं. ते अजून तोकुशिमाला त्यांच्या घरी आहे. चालतं की नाही हे सांगता येत नाही, कारण त्यात बसणारी कुपी आता कुणी बनवत नाही.