हात कुणाचा?

इंटर सायन्सला मी पास झालो, तेव्हा गावात सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं. रसायनाच्या प्रयोगात मी एकदा आम्लाने स्वतःच्याच पँटला असं भोक पाडलं होतं की वर्षभर डावा हात गुडघ्यावर ठेवून बसायची सवय लागली. तरी घरात एकमत होतं: बी. एस्सी. करायचं ते रसायन घेऊनच.

कारण माझे मामा. पिंपरीला औषधाचा सरकारी कारखाना निघाला होता आणि मामा तिथे फाटकावर पहारेकरी होते. आमच्या चाकणकडच्या गावात ते सुट्टीला आले की कारखान्याचे मालक आल्यासारखं वाटायचं.

"भाचेबुवा, रसायन घ्या," ते म्हणायचे. "पांढरा कोट घालून मोटारीतून उतराल, आन् मी सलाम ठोकीन."

मामांचा सलाम घ्यायला मला आवडलंच असतं. पण मला वेड लागलं होतं दगडांचं. कॉलेजात भूगर्भशास्त्र नावाचा विषय होता, त्या वर्गात चार मुलं बसायची आणि पाचवा मी, चोरून. आमचा डोंगर म्हणजे एकावर एक थिजलेल्या लाव्ह्याच्या भाकऱ्या आहेत, असं तिथे ऐकलं आणि मी कामातून गेलो.

आबांना, म्हणजे वडिलांना, हे सांगितलं तेव्हा ते बैलाला वैरण घालत होते. ते शांतपणे म्हणाले, "दगडं शिकाया पुण्याला कशाला जातोस? आपल्या रानात काय कमी हायेत?"

मग आई बोलली, ते जास्त लागलं. "दगडाला कोण पगार देतं रं?"

फॉर्म भरायला तीन आठवडे उरले होते. तेव्हा मला आमची विहीर सुचली. सात वर्षांपूर्वी आबांनी ती काळ्या पाषाणापर्यंत खोदली, थेंब लागला नाही, सोडून दिली. तिच्यात पाणी काढून दाखवलं तर दगडाला किंमत आहे हे आपोआप ठरणार होतं.

गावातल्या सहा चालू विहिरींमध्ये पाणी कुठून येतं हे मी बघायला लागलो. कमरेला दोर बांधून उतरायचं, आतून हाताने मोजत यायचं. सहाही विहिरींत काळ्या खडकाखाली लाल गेरूचा थर होता आणि पाणी त्याच्या वरून पाझरत होतं. फक्त एका विहिरीत तो पाच हातांवर, तर दुसरीत चौदा हातांवर! मी दोन रात्री नकाशा काढला आणि चावडीवर जाहीर केलं, "आपल्या गावाखाली पृथ्वीला घडी पडलेली आहे. फार मोठा शोध आहे हा."

तिथे एक तात्या बसले होते. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरी त्यांनी खोदलेल्या. त्यांनी तंबाखू गालात सारली.

"मोजलंस कुठनं?"

"विहिरीच्या काठापासून."

"काठ काय समदे एका पातळीत हायेत व्हय? एक विहीर वढ्याला, एक टेकाडावर. घडी पृथ्वीला न्हाई पडली बाळा, तुझ्या टकुऱ्याला पडलीया."

चावडी इतकी हसली की समोरच्या दुकानदाराने वजन करणं थांबवलं. मी नकाशा खिशात घातला. पण तात्या उठले आणि माझ्याबरोबर चालायला लागले, हे माझं नशीब.

त्यांनीच युक्ती सांगितली. आईची परात काठोकाठ भरून दगडावर ठेवायची, पाण्यावरून नजर लावायची आणि समोर चुन्याचे पट्टे मारलेला बांबू धरायचा. असं रानोरान करत गेलो. बायका लांबून वळसा घालून जात. पोरगं कॉलेजातून करणी शिकून आलंय, असं त्यांचं ठरलं होतं. परात उचलताना मी दोनदा ती अंगावर ओतून घेतली, एकदा तात्यांच्या अंगावर. पण हिशेब जुळला. घडीबिडी काही नव्हती. गेरूचा थर सगळीकडे जवळजवळ एकाच पातळीत होता, आणि आमच्या कोरड्या विहिरीचा तळ त्याच्या फक्त चार हात वर थांबला होता.

हे ऐकून आबांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी होकाराची मान हलवली.

"चार हात," आबा म्हणाले. "पाचवा न्हाई. गेरू लागला तर दगडं शीक. न्हाई लागला तर गुमान मामाच्या कारखान्याची वाट धरायची."

आबा, तात्या, चुलते आणि मी असे चौघे लागलो. पहार माझ्या हातात आली की चुलते सुरक्षित अंतरावर सरकत. पहिला हात गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला माझे तळहात फुटले. काळा पाषाण काही बदलेना. बाराव्या दिवशी दुपारी आबांनी कोपरापासून बोटापर्यंत हात भिंतीला चार वेळा लावला, दर वेळी खूण मारली आणि पहार खाली टाकली.

"झाले चार."

तळ काळा ठिक्कर होता. आई वरून वाकून बघत होती, सुट्टीला आलेले मामा तिच्या शेजारी. मामांनी पांढरा कोट मनातल्या मनात शिवायलाही टाकला असावा.

मी भिंतीला हात लावला, सहज, रडू लपवायला. बोटं एका खुणेला टेकली, तर आबांनी मारलेली दुसरी खूण माझ्या कोपरापाशी येईना.

"आबा, हात कुणाचा?"

"माझा. मग कुणाचा?"

"मोजणी मी केली होती. माझ्या हाताने! तुमचा हात माझ्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. चार हातांची आठ बोटं राहिली."

तात्या खोकेपर्यंत हसले. "पाटील, पोरगं खोटं बोलत न्हाई. ताडमाड वाढलंय ते."

आबांनी माझा हात धरून स्वतःच्या हाताला लावून पाहिला. दोनदा.

"आठ बोटं," ते म्हणाले. "नववं न्हाई."

तात्यांनी कोपऱ्यात पहार उभी धरली. मी घण घेतला, आणि तो एकदाही माझ्या पायावर पडला नाही, हाच खरं तर त्या दिवसाचा चमत्कार. सहाव्या बोटाच्या सुमाराला आवाज बदलला. टण्ण ऐवजी बद्द. कपचा उडाला आणि खाली लाल. ओलं लाल! फटीतून पाणी आलं ते आधी नुसतं चमकलं, मग माझ्या पायाच्या बोटांमध्ये शिरलं.

मी ओरडलो. काय ते आठवत नाही. आई म्हणते बैल दावं तोडून पळाला.

आबांनी ओंजळ भरली, प्यायले, गाळाने लाल झालेल्या मिशा पुसल्या. "गोड हाय," एवढंच म्हणाले. वरून मामांनी खणखणीत सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाच माणसं बसली होती. आमची विहीर बघायला पाठवा, आमची बघायला पाठवा. मी फुगून पुढे होणार, तोच आबा उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"आत्ता जमायचं न्हाई," ते म्हणाले. "दगडं शिकाया पुण्याला चाललाय तो. दिवाळीच्या सुट्टीत या."